सड्यावरच्या डबक्यात हिरव्या चंद्रकोरी: हे क्लोस्टेरियमच ना? आणि याला टाकायचं कुठल्या वर्गात?

कातळकोकणी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. श्रावण संपता संपता पोरांना घेऊन मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर गेलेलो, कातळातल्या डबक्यांमधलं पाणी नि तळाचं ते बुळबुळीत हिरवं बाटल्यांत भरून आणलं आणि शाळेच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली थेंब थेंब लावून बघत बसलो. दहाच्या लेन्सला एका पोरीने ओरडून सांगितलं, सर चंद्र आहेत चंद्र. बघतो तर खरंच हिरव्यागार चंद्रकोरी. चाळीसच्या लेन्सला अजून नीट दिसलं. दोन्ही टोकं निमुळती, आतलं हिरवं दोन तुकड्यांत, मधोमध फिकट पट्टा ज्यात हिरवं काहीच नाही, आणि दोन्ही टोकांना एकेक गोल पोकळी, त्या पोकळीत बारीक कण सारखे थरथरतायत, थांबतच नाहीत. पोरं म्हणतात आत किडे आहेत.

माझा अंदाज क्लोस्टेरियम, ते एकपेशीय हिरवं शैवाल. पण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तक्ता करायचाय आणि तिथे गाडी अडकली. माझ्या बीएस्सीच्या पुस्तकात क्लोरोफायसी वर्ग, काँज्युगेल्स गण असं आहे, नेटवर एका ठिकाणी कॅरोफायटा, दुसरीकडे स्ट्रेप्टोफायटा, तिसरीकडे झिग्निमॅटोफायसी, आणि आठवीतली पोरं म्हणतात सर एकपेशीय आहे मग प्रोटिस्टात टाका की. आता काय लिहू?

अजून एक. गावच्या तळ्यात जिथे म्हशी बसतात तिथलं पाणीपण आणलं होतं, त्यातही अशाच कोरी मिळाल्या, जरा लांबट नि सरळ. म्हणजे हे स्वच्छ पाण्याचं लक्षण की घाण पाण्याचं? नेटवर दोन्ही लिहिलंय.

चष्मिस्ट

डायटम वाटतंय, तेही एकपेशीय शैवालच. डायटमपण असे होडीसारखे, कोरीसारखे असतात. फोटो टाका ना सर.

शेवाळवाली

डायटम नाही. कोरीच्या आकाराचे डायटम असतात, युनोशिया वगैरे, पण ते सोनेरी तपकिरी दिसतात, असे लख्ख हिरवे नाहीत, आणि त्यांचं कवच सिलिकाचं असतं. सर, शाळेत आयोडीन असेलच, पातळ करा, कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा नि समोरच्या कडेला टिपकागद लावा, आपोआप आत ओढलं जातं. हिरव्या भागात जे गोळे दिसतायत ते काळपट जांभळे झाले तर ते पायरेनॉइड, भोवती स्टार्च असलेले. डायटम स्टार्च साठवतच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला.

फोटो नसला तरी तुम्ही वर्णन इतकं चोख केलंय की क्लोस्टेरियमच म्हणायला हरकत नाही. मधला फिकट पट्टा म्हणजे केंद्रकाची जागा, त्याच्या दोन बाजूंना दोन हरितलवकं. टोकाच्या पोकळ्या म्हणजे रिक्तिका, आणि त्यात नाचणारे कण हीच या प्रजातीची सगळ्यात सोपी खूण. सेलेनॅस्ट्रम, मोनोराफिडियम हेपण कोरीसारखे आणि हिरवे असतात पण ते फार बारके, आणि टोकाला अशा नाचऱ्या कणांच्या पोकळ्या त्यांना नसतात. क्लोस्टेरियमच्या मोठ्या जाती पाव ते अर्धा मिलिमीटर लांब असतात, म्हणून दहाच्या लेन्सलाच तुमच्या त्या पोरीला चंद्र दिसले.

आणि पोरांना सांगा किडे नाहीत, स्फटिक आहेत. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतल्या बारीक कणांची जी थरथर बघितली तीच ही, पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात म्हणून कण हलतात. जुन्या पुस्तकांत हे जिप्सम आहे असं छापलेलं सापडेल, ते तक्त्यावर उतरवू नका. १९८० च्या सुमारास तपासलं तेव्हा ते बेरियम सल्फेट निघालं, एक्सरेच्या आधी पोटाच्या पेशंटला जे पांढरं पाजतात ना, तेच. पाण्यात बेरियम नावापुरतं असतं, तेवढ्यातून ही एकटी पेशी ते वेचून टोकाला जमवते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी क्लोस्टेरियम मोनिलिफेरमवर काम केलं, की ही पेशी बेरियमबरोबर स्ट्रॉन्शियमपण त्याच स्फटिकांत बसवते आणि कॅल्शियम मात्र बाजूला ठेवते, तर अणुकचऱ्यातलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम वेगळं काढायला याचा उपयोग होईल का. कॅल्शियम नि स्ट्रॉन्शियम रसायनाच्या दृष्टीने इतके सारखे की ते वेगळे करणं हीच खरी डोकेदुखी असते.

चष्मिस्ट

ओके, डायटम मागे घेतो. बेरियमचं भारी आहे. पण मग ही वनस्पती की प्राणी की मधलंच काही?

एमएस्सी_झाली_एकदाची

हा प्रश्न अडीचशे वर्षं जुना आहे भावा. ओ. एफ. म्युलरने १७७३ ला यातली एक जात व्हिब्रिओमध्ये टाकली होती, व्हिब्रिओ लुन्युला. म्हणजे कॉलऱ्याचा जंतू आज ज्या नावाखाली बसतो तेच नाव. तेव्हा जे काही बारीक, वाकडं आणि हलणारं दिसेल ते सगळं एकाच पोत्यात. क्लोस्टेरियम ही वेगळी प्रजाती निट्श ने १८१७ ला केली. पुढे एऱ्हेनबर्गसारखा मोठा माणूस या सगळ्या मंडळींना प्राणीच समजत होता, कारण ही हलतात. हलतात हे खरंच आहे, टोकाजवळच्या छिद्रांतून चिकट श्लेष्मा सोडतात आणि त्याच्या जोरावर सरकतात, कधी एक टोक काचेला चिकटवून दुसरं हवेत झुलवत बसतात. पण इतकं हळू की बघणाऱ्याला दम पाहिजे. मग राल्फ्सने १८४८ मध्ये ब्रिटनमधल्या डेस्मिडांवर, म्हणजे क्लोस्टेरियम ज्यात येतं त्या हिरव्या शैवालांच्या गटावर, पुस्तक काढलं, त्यात ह्या वनस्पतीच, असं. डेस्मिडांची अधिकृत नावं आजही त्या १८४८ पासूनच मोजतात, त्याआधीचं नाव धरत नाहीत, म्हणून तुम्हाला "निट्श एक्स राल्फ्स" असं विचित्र लिहिलेलं दिसतं.

वर्गीकरणाचं शेवाळवाली ताई सांगतील, माझी त्या पेपरला फाटली होती.

शेवाळवाली

सांगते, जरा लांबेल.

सर, तुमच्या पुस्तकातलं क्लोरोफायसी, काँज्युगेल्स हे शैवालतज्ज्ञ फ्रिट्शचं, १९३५ चं. आपल्याकडच्या बीएस्सीने फ्रिट्श इतका घट्ट धरून ठेवला की तीन पिढ्या त्यावरच पास झाल्या, मीपण. त्याचा हिशोब साधा होता, क्लोरोफिल अ आणि ब आहे, स्टार्च साठवतं, हिरवं दिसतं, तर टाका क्लोरोफायसीत, आणि ज्यांच्यात दोन पेशी जवळ येऊन संयुग्मन करतात त्यांचा एक गण करा. त्यात स्पायरोगायरा, झिग्निमा आणि आपले डेस्मिड. हातात साधा मायक्रोस्कोप असताना याहून चांगलं कुणी केलं नसतं.

पुढे १९७० च्या आसपास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लोक पेशी विभागताना बघायला लागले तेव्हा कळलं की हिरव्या शैवालांत दोन वेगळी घराणी आहेत. नंतर डीएनएने ते शिक्कामोर्तब केलं. एका घराण्यात क्लॅमिडोमोनास, क्लोरेला, व्हॉल्व्हॉक्स, समुद्रातली उल्वा, हे क्लोरोफायटा. दुसऱ्यात कारा, कोलिओकीट, स्पायरोगायरा, डेस्मिड, आणि त्यांच्याबरोबर शेवाळीपासून, म्हणजे मॉसपासून, वडापर्यंतची जमिनीवरची एकूण एक झाडं. या अख्ख्या दुसऱ्या घराण्याचं नाव स्ट्रेप्टोफायटा. त्यातून जमिनीवरची झाडं वगळून फक्त पाण्यातली शैवालं उचलली की त्यांना कॅरोफायटा म्हणायची रीत आहे. म्हणून नेटवर दोन्ही दिसतं आणि दोन्ही चूक नाही, फक्त कॅरोफायटा हे अर्धवट तोडलेलं घराणं आहे एवढं लक्षात ठेवा.

आता यातली खरी मजा. झाडांची सगळ्यात जवळची भावकी कोण, तर बरीच वर्षं लोकांना वाटायचं कारा, कारण ती दिसतेच झाडासारखी, खोड, पेरं, फांद्यांची वलयं. पण २०१४ च्या आणि मग २०१९ च्या हजारभर वनस्पतींच्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासात निघालं की सगळ्यात जवळची ती झिग्निमॅटोफायसी, म्हणजे स्पायरोगायरा आणि तुमच्या या चंद्रकोरी. जिला खोड नाही, पान नाही, एका पेशीत सगळा संसार, ती कारापेक्षाही गवताला जवळची. त्यातून यांच्यात शेपटीवाली पोहणारी पेशी आयुष्यात कुठल्याच टप्प्याला नसते. शेवाळी नि नेच्यांचे शुक्राणूसुद्धा पोहतात, कारा आणि कोलिओकीटचेही, यांचे नाही. दोन पेशी शेजारी येतात, कवचं उघडतात, आतला जीव सरपटत बाहेर येतो आणि मधे एकरूप होऊन जाड भिंतीचं युग्मबीजाणू होतं. नशीब असेल तर पाणी आटत आलेल्या डबक्यात ते दिसेलही, दोन रिकाम्या कोरींच्या मधे एक गोळा.

२०२२ मध्ये झिग्निमॅटोफायसीची पाच गणांत नव्याने मांडणी झाली, त्यात क्लोस्टेरियम डेस्मिडिएल्समध्येच आहे. कुळ क्लोस्टेरिएसी. डेस्मिड म्हटलं की आपल्याला मधे कंबर आवळलेली पेशी आठवते, कॉस्मेरियम, मायक्रास्टेरियाससारखी, क्लोस्टेरियमला ती कंबर नाही म्हणून काही जण विचारतात की हे डेस्मिड कसं. पण पेशीभिंत दोन अर्ध्यांचीच असते. विभागताना मधून तुटते, प्रत्येक नव्या पेशीला एक जुना अर्धा मिळतो आणि दुसरा ती नवीन वाढवते. त्यामुळे तुम्ही बघताय त्या कोरीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा वयाने मोठं आहे. नुकतीच विभागलेली मिळाली तर एक बाजू लांब टोकदार आणि दुसरी आखूड बोथट दिसते, पोरांना ती हमखास दाखवा.

तक्त्यावर माझ्या मते असं लिहा: स्ट्रेप्टोफायटा, झिग्निमॅटोफायसी, डेस्मिडिएल्स, क्लोस्टेरिएसी, क्लोस्टेरियम. प्रोटिस्टाचं म्हणाल तर व्हिटाकरची पंचसृष्टी १९६९ ची, शाळेच्या पुस्तकात ती आहे तेव्हा परीक्षेत पोरांनी पुस्तकातलंच लिहावं, उगाच मार्क घालवू नयेत. प्रदर्शनात मात्र परीक्षकाने विचारलं की एकपेशीय वनस्पतींच्या घराण्यात कशी, तर तुमच्या पोरांकडे उत्तर आहे.

देशावरचा

मस्त प्रतिसाद. मी सोलापूरकडचा, आमच्या विहिरीचं, कॅनॉलचं पाणी कितीदा बघितलं, डेस्मिड क्वचितच. स्पायरोगायरा नि डायटम ढीगभर. आमच्याकडे का नाही?

एमएस्सी_झाली_एकदाची

याचं मला येतंय, प्रोजेक्ट यातच केला होता. बहुतेक डेस्मिडांना मऊ पाणी लागतं, कॅल्शियम कमी, थोडं आम्लाकडे झुकलेलं, खतपाणी बेताचं. कोकणातला सडा म्हणजे जांभा दगड, लाखो वर्षांच्या पावसाने त्यातलं कॅल्शियम धुवून नेलंय आणि मागे लोखंड नि ॲल्युमिनियम उरलंय. त्यावरच्या खड्ड्यात साचतं ते जवळजवळ नुसतं पावसाचं पाणी. तुमच्याकडे काळा बसाल्ट, उन्हाळा मोठा, विहिरीचं पाणी जड, घरातल्या भांड्यांना पांढरे डाग पडतात तसलं. पीएच साडेआठच्या वर गेला की पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड उरतच नाही म्हणा, सगळं बायकार्बोनेट, आणि बऱ्याच डेस्मिडांना ते वापरता येत नाही, त्यांची उपासमार होते. लोणारच्या तळ्यात पीएच दहाच्या आसपास, तिथे तर नावच नको, तिथे निळ्या हिरव्या शैवालांचं राज्य.

सर, पुढच्या वेळी डबक्यात युट्रिक्युलेरिया ही बारीक पाणवनस्पती दिसली तर तिचा एक झुपका हातात घेऊन बाटलीत पिळा. नुसतं पाणी भरलं तर डेस्मिड कमी येतात, ते अशा झुपक्यांत नि तळाच्या गाळात राहतात. जमिनीवर सडाभर जांभळी पसरते ती सीतेची आसवं, ती तिचीच बहीण, तिला ओरबाडू नका. आणि कुणी हे वाचून कासला बाटली घेऊन निघणार असेल तर तिथे हात लावू नका, संरक्षित पठार आहे, पोरांना घेऊन गेलात तर नुसतं बघून या. आपल्या गावामागचा सडा काय कमी आहे.

कातळकोकणी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आयोडीन केलं, गोळे काळे जांभळे झाले, पोरं खूश. सड्यावरच्या कोरींमध्ये एका अर्ध्यात गोळे एका ओळीत आहेत आणि आतल्या बाजूला मधे जरा पोट सुटलेलं दिसतं. हे ते मोनिलिफेरम का? आणि तळ्याचं राहिलं ना, म्हशींवालं.

शेवाळवाली

एका ओळीत पायरेनॉइड आणि पोट सुटलेलं, मोनिलिफेरमसारखं आहे खरं. त्याचीच मोठी बहीण एऱ्हेनबर्गाय, तिच्यात पायरेनॉइड विखुरलेले असतात. पण लाइब्लिनियाय पण अशीच दिसते, जास्त वाकलेली आणि सहसा लहान, तेव्हा लांबी रुंदी मोजल्याशिवाय, भिंतीवर रेघा आहेत का ते बघितल्याशिवाय जात लिहू नका. तक्त्यावर क्लोस्टेरियम एसपी. पुरे, त्यात कमीपणा नाही. जपानमध्ये इचिमुरांनी एऱ्हेनबर्गायवर बरीच वर्षं काम केलं, दिसायला सगळ्या त्याच, पण आत वेगवेगळे गट, एका गटातली पेशी दुसऱ्या गटातलीशी संयुग्मनच करत नाही किंवा केलं तरी पुढची पिढी टिकत नाही. मायक्रोस्कोपला दिसतं त्यापेक्षा जातींचं प्रकरण खोल आहे.

तळ्याचं एमएस्सीवाल्यांना सांगू दे, पाल्मर इंडेक्स त्यांनीच लावला असणार.

एमएस्सी_झाली_एकदाची

लावला ना, न लावून सांगतो कुणाला. पाल्मरने १९६९ ला सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांच्या २० प्रजातींची यादी केली, प्रत्येकीला गुण दिले. युग्लीना नि ऑसिलेटोरियाला ५, क्लॅमिडोमोनासला ४, अशी उतरत उतरत क्लोस्टेरियमला १. सगळ्यांची बेरीज २० किंवा जास्त झाली तर प्रदूषण भरपूर. आपल्याकडे प्रत्येक तळ्यावरच्या प्रबंधात हा इंडेक्स असतोच, सोपा पडतो ना. म्हणून नेटवर "क्लोस्टेरियम म्हणजे प्रदूषण" दिसतं. आणि डेस्मिड म्हणजे स्वच्छ पाणी हे दुसऱ्या पुस्तकातलं. दोन्ही वाचून माणूस चक्रावतो.

भानगड अशी की क्लोस्टेरियममध्ये शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यांच्या आवडीनिवडी एकमेकींशी जुळत नाहीत. स्ट्रायोलेटम, सिन्थिया, डायने या आम्लाकडच्या, दलदलीच्या पाण्यातल्या. असेरोसम, लाइब्लिनियाय, मोनिलिफेरम या खतावलेल्या पाण्यातही मजेत. असिक्युलेर तर सुईसारखी बारीक, ती तळाशी राहतच नाही, मोठ्या तलावांत तरंगत असते आणि तिला किंचित अल्कलीकडचं, पोषण असलेलं पाणी चालतं. तुम्ही म्हणताय तळ्यातल्या लांबट, सरळ, तर ती असेरोसम असायची शक्यता बरीच, म्हशींच्या तळ्यात ती शोभते. तिथेच युग्लीना, फॅकस पण दिसतायत का बघा, दिसत असतील तर तळ्याबद्दल काही म्हणता येईल. नुसत्या एका प्रजातीच्या नावावर पाणी स्वच्छ की घाण ठरवायचं नाही, तक्त्यावर दोन डबक्यांची दोन चित्रं शेजारी काढा नि पीएच पेपरने मोजून आकडा खाली लिहा, परीक्षकांना तेच आवडेल.

देशावरचा

मग आमच्याकडे शोधायचीच झाली तर असेरोसम शोधू. गावाबाहेरचा हौद बघतो.

चष्मिस्ट

असलं पाणी चुकून प्यायलं तर काही होतं का? पोरं आहेत म्हणून विचारतोय.

शेवाळवाली

क्लोस्टेरियमचं विष वगैरे नसतं. पण म्हशींच्या तळ्याचं पाणी क्लोस्टेरियमसाठी नव्हे, बाकीच्या शंभर गोष्टींसाठी पिऊ नये. हात धुवायला लावा पोरांना.

कातळकोकणी

शेवटचा प्रश्न. प्रदर्शन दिवाळीनंतर आहे, तोवर सडा सुकायला लागलेला असणार. बाटलीतलं जिवंत कसं ठेवू? मागच्या खेपेला आणलेलं आठवड्यात सडलं नि वास मारायला लागलं.

शेवाळवाली

वास येतो कारण बाटली गच्च भरून झाकण घट्ट लावलेलं असतं आणि आत कुजणारी पानं, गवत राहिलेलं असतं. पसरट काचेचं भांडं घ्या, गाळ अगदी थोडा ठेवा, पाने काढून टाका, अर्ध्याच्या खाली पाणी, वर नुसती ताटली. उत्तरेच्या खिडकीत ठेवा, थेट ऊन नको. पाणी कमी झालं तर नळाचं घालू नका, क्लोरीन असतं, आताच पावसाचं पाणी स्वच्छ बादलीत धरून ठेवा, तेच थोडं थोडं घाला. दर पंधरवड्याला ड्रॉपरने तळाचं थोडं हिरवं उचलून नव्या भांड्यात टाका, म्हणजे एक सडलं तरी दुसरं हाताशी.

पोरांसाठी एक प्रयोग आहे, प्रदर्शनात चालेल असा. भांड्याला बाहेरून काळा कागद गुंडाळा आणि खिडकीच्या बाजूला बोटभर उभी फट ठेवा. क्लोस्टेरियम उजेडाकडे सरकतं. एकदोन दिवसांनी कागद काढलात तर फटीच्या समोर आतून हिरवं जास्त जमलेलं दिसायला हवं. तिथलंच ड्रॉपरने उचला, शोधाशोध न करता स्लाइडवर कोरीच कोरी येतील. आणि सडा सुकला की त्याच खड्ड्यातली माती मे महिन्यात खरवडून कागदाच्या पुडीत ठेवा, पावसाच्या पाण्यात भिजवून बघा काय उगवतं. युग्मबीजाणू उन्हाळा त्या मातीतच काढतात.

कातळकोकणी

मातीचं करतोच. खड्ड्याला ऑइलपेंटने खूण करून ठेवतो म्हणजे मे महिन्यात तोच सापडेल. तक्ता झाला की फोटो इथेच टाकतो.

एमएस्सी_झाली_एकदाची

पेंट खड्ड्यापासून लांब मारा सर, पहिल्या पावसात धुपून पाण्यात उतरला तर डेस्मिड बोंबलतील. त्यापेक्षा मोबाइलवर लोकेशन पिन करा.